मागीलप्रमाणे

२३ जानेवारी

बुटक्या,

या महिन्यात चाळीस जणांनी मला "नंतर फोन करा" असं सांगितलं, आणि त्यातल्या एकानेही नंतर फोन उचलला नाही. तुझं बरं आहे. तू "नंतर" असंही म्हणत नाहीस, त्यामुळे माणूस आशेवर राहत नाही.

तू माझ्यापेक्षा हातभर उंच झालास त्याला वीस वर्षं झाली, तरी मी बुटक्याच म्हणणार. राग आला तर लिहून कळव. त्या निमित्ताने तुझं अक्षर तरी दिसेल.

माझं काम अजून तेच आहे. टेबलावर दोनशे बारा खासगी कंपन्यांची यादी, कानाला फोन, आणि सगळ्यांना एकच प्रश्न: बारा तारखेला तुमच्या पगारपत्रकावर किती माणसं होती? आलेला आकडा मागच्या आकड्यातून वजा करायचा. अशी पंचवीस टेबलं मिळून वीस तारखेला एक आकडा बाहेर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर छापून येतं की खासगी क्षेत्रातल्या इतक्या नोकऱ्या गेल्या. या वेळी एकोणीस हजार.

मंदी कानाला ऐकू येते, हे तुला माहीत आहे का? पूर्वी मी प्रश्न विचारला की पलीकडचा माणूस मागे वळून ओरडायचा, "अरे, आपण किती जण रे?" आणि मागून हसणं ऐकू यायचं. कुणीतरी म्हणायचं, याला धरू नका, हा कामच करत नाही. आता कुणी मागे वळून विचारत नाही. आकडा तोंडपाठ असतो. एक फर्निचरवाला "सात" म्हणाला, आणि मग म्हणाला, "म्हणजे मला धरून." मी त्याला धरलं नाही, कारण मालक मोजायचा नसतो. सहाच लिहिले.

काल आईशी बोलले. तिच्या पिशवीची चेन अडकली होती ती तू दोन मिनिटांत सरळ केलीस, म्हणून अर्धा तास तुझं कौतुक चाललं होतं. तू हल्ली कुठे काम करतोस ते ती अजून सांगत नाही. तू तिला शपथ घातली आहेस म्हणे. मीही विचारत नाही. म्हणजे, दोनदाच विचारलं.

ताई


२४ फेब्रुवारी

बुटक्या,

पेपर वाचलास का? "घसरण मंदावली." या महिन्यात चौदाच हजार गेल्या. टीव्हीवर एक जाडजूड तज्ज्ञ बोगद्याच्या पलीकडचा उजेड दाखवत होते. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र माझ्या टेबलावरचा कागद बघत बसले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

आमच्याकडे एक शब्द आहे: मागीलप्रमाणे. तीनदा फोन करूनही एखाद्या कंपनीने उत्तर दिलं नाही तर चौकट रिकामी ठेवायची नाही. मागच्या महिन्याचा आकडा तसाच पुढे लिहायचा आणि शेऱ्याच्या रकान्यात "माप्र" असं टाकायचं. नियम काही मूर्खपणाचा नाही. चांगल्या दिवसांत जो फोन उचलत नाही तो कामात असतो, आणि त्याची माणसंही बहुतेक तेवढीच असतात.

पण डिसेंबरात माझ्या टेबलावर नऊ माप्र होते. जानेवारीत चौदा झाले. या महिन्यात एकतीस. आता तूच सांग, एवढे सगळे एकदम गप्प झाले ते कामात आहेत म्हणून, की कामातून गेले म्हणून? आणि जे गेले त्यांना आम्ही "मागीलप्रमाणे" म्हणून कामावरच ठेवत असू, तर घसरण मंदावली नाही, नुसती मुकी झाली आहे.

मी साहेबांकडे गेले. त्यांना आम्ही पाठीमागे "दशांश" म्हणतो, कारण "साधारण" हा शब्द कानावर पडला की त्यांचं तोंड कडू होतं.

"बाई, नियम आहे," ते म्हणाले. "तुम्ही अंदाज करायला लागलात तर मी सही कशावर करू?"

"पण साहेब, बंद पडलेली कंपनी फोन कसा उचलेल?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बंद पडल्याचं त्यांनी लेखी कळवायला हवं."

"बंद पडलेल्यांनी?"

त्यांनी चष्मा परत पुसला. तो अजिबात मळलेला नव्हता.

रिकामी चौकट बघितली की त्यांना चैन पडत नाही, अगदी तुझ्यासारखंच. बाबांच्या पेपरातलं शब्दकोडं आठवतं? ते अंघोळीला गेले की तू उरलेल्या चौकटी मनाला येईल त्या अक्षरांनी भरून टाकायचास. एकदा होतं, "पाणथळ जागी राहणारा पक्षी, चार अक्षरी." तू लिहिलंस, ढपकूर. बाबा म्हणाले, असा पक्षीच नाही. तू म्हणालास, आहे, पण तो फक्त मंगळवारी येतो. पुढे किती वर्षं बाबा दर मंगळवारी चहाचा कप घेऊन खिडकीशी जायचे आणि म्हणायचे, "आला नाही बुवा आज." हे आपल्या तिघांशिवाय जगात कुणालाच माहीत नाही. आईला आपण मुद्दाम सांगितलं नव्हतं.

चार वर्षं तुझ्या नावापुढेही मी माप्रच लिहिते आहे. रागावलेला, तब्येत बरी, नोकरी चालू. उत्तर आलं नाही की मागचंच पुढे ओढायचं. सोपं जातं.

ताई


२१ मार्च

बुटक्या,

या महिन्यात अकरा हजार. माझ्याकडे माप्र सत्तेचाळीस.

माझ्या यादीत ३११७ क्रमांकाची एक कंपनी आहे. नाव सांगायची आम्हाला बंदी आहे, पण ती तुमच्या गावातली आहे एवढं सांगितलं तर आभाळ कोसळणार नाही. ऑक्टोबरात तिथे चौसष्ट माणसं होती. मग उत्तर बंद. नोव्हेंबर चौसष्ट, डिसेंबर चौसष्ट, असं करत मार्चमध्येही चौसष्ट. सगळं जग गळत असताना हे चौसष्ट जण खांबासारखे उभे आहेत. बाकीच्या गप्प कंपन्यांचे फोन तुटलेले असतात. हा मात्र वाजतो. मी तो दिवसातून दोनदा वाजवते. नियमाने तीनच वेळा करायचा असतो, पण वाजणारा फोन आणि उचलायला कोणी नाही, हे मला बघवत नाही. ऐकवत नाही म्हण.

तू म्हणशील, हिने परत नाक खुपसायला सुरुवात केली. म्हणशील ते खरंच आहे. या नाकापायी काय झालं ते मी चार वर्षांत कधी सरळ लिहिलं नाही. तब्येतीच्या चौकशा लिहिल्या, हवापाणी लिहिलं. आज लिहूनच टाकते.

चार वर्षांपूर्वी तू ज्या छापखान्यात कामाला होतास, त्याचा माझ्या यादीतला आकडा तेवीसचा सतरा झाला. मी कारण विचारलं. मॅनेजरने सहाही नावं वाचून दाखवली, ती मी विचारली नव्हती. पाचवं नाव तुझं होतं. तू घरी काहीच सांगितलं नव्हतंस. एकोणीस दिवस तू सकाळी आईने भरलेला डबा घेऊन निघत होतास आणि वाचनालयात जाऊन बसत होतास. ऑफिसातली गोष्ट ऑफिसात ठेवायची असते. मी त्याच संध्याकाळी आईला फोन केला. काळजीने केला असं मी स्वतःलाही सांगत आले. खरं म्हणजे बातमी पोटात मावत नव्हती. दुसऱ्या दिवशी आईने तुझ्या हातात डबा दिला आणि विचारलं, "आज कुठल्या खुर्चीवर बसणार?"

तू माझ्या दारात आलास, आत आलाच नाहीस. "तू माझी बहीण आहेस की मोजणी खातं?" एवढं बोलून गेलास. महिन्याभरात आईला घेऊन गावही सोडलंस. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण मला खरंच वाटत होतं की मी दोन्ही असू शकते.

चुकले मी. हे वाक्य लिहायला चार वर्षं लागली, आणि आहे केवढंसं.

ताई


४ एप्रिल, मंगळवार

बुटक्या,

हे पत्र मी आज टाकणार नाही. घरी आलं तर दारात आई घेईल. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला घास गिळवणार नाही.

३११७ ने आज फोन उचलला.

"कोण पाहिजे?"

मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. मागच्या महिन्याच्या बारा तारखेला पगारपत्रकावर किती माणसं होती?

"मॅडम, इथे मी एकटाच. वॉचमन आहे."

"आणि बाकीचे चौसष्ट?"

"ते नोव्हेंबरातच घरी गेले. मशिनी पण गेल्या. फोन तेवढा राहिला. आतल्या खोलीत वाजायचा रोज, मला वाटायचं, कुणाला एवढी आठवण येते? आज किल्ली सापडली."

मी विचारलं, तिथे बनायचं तरी काय? आमच्या कागदावर नुसता "लघु धातुकाम" असा शब्द आहे, त्यावरून काही कळत नाही.

"चेन. पँटच्या, पिशव्यांच्या. सगळ्या प्रकारच्या चेन बनायच्या इथे."

तरीही माझी ट्यूब पेटली नाही, बघ. मी आपली पेन्सिलीने चौसष्टवर रेघ मारत होते. मग माझ्या स्वभावाप्रमाणे, कामाचं बोलणं संपल्यावर विचारलं, एकटे दिवसभर तुम्हाला कंटाळा येत नाही का?

"एकटा कुठे? सोबत आहे ना. आमच्यातलेच एक सुपरवायझर आहेत. सकाळी नऊच्या ठोक्याला डबा घेऊन येतात, गेटसमोरच्या बाकावर बसतात, साडेपाचला जातात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, साहेब, बंद झालं की. तर म्हणाले, मला माहीत आहे, मी बाहेरच बसतो. रस्त्यावरच्या लोकांच्या चेन दुरुस्त करून देतात, फुकट. नाहीतर पेपरातलं कोडं सोडवतात."

माझी पेन्सिल थांबली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. काल मी त्यांचं कोडं बघितलं. ढपकूर म्हणजे काय हो?"

आमच्या ऑफिसात त्या वेळी पंचवीस माणसं फोनवर बोलत होती आणि मला एकाचंही ऐकू येत नव्हतं.

"पक्षी आहे," मी म्हटलं.

"तरीच. तेही असंच म्हणाले. मंगळवारी येतो म्हणाले. आज सकाळपासून मी बघतोय."

मी फोन ठेवला, जिन्यात गेले आणि रडले. मग परत येऊन पुढच्या क्रमांकाला फोन लावला. त्यांचे बावीसचे वीस झाले आहेत.

पाच महिने, बुटक्या. माझ्या तक्त्यात तू पाच महिने कामावर होतास. दर महिन्याला मी स्वतःच्या हाताने तुला कामावर ठेवत होते आणि खाली सही करत होते.

ताई


९ एप्रिल, रविवार

आत्ता आईचा फोन येऊन गेला. हेही पत्र टाकत नाही, आधीच्याच्या पोटात ठेवते.

ती म्हणाली, "तुझ्याकडे मंदीचं फार चाललंय म्हणे. आमच्याकडे काही नाही हो. हा रोज वेळेवर जातो, वेळेवर येतो. उलट आताशा कपडे स्वच्छ असतात, वरची जागा मिळालेली दिसते."

मी म्हटलं, "हो का."

"तू अशी का बोलतेस? सर्दी झाली का?"

"हो," मी म्हटलं, "सर्दी."

माझ्या आयुष्यात मी इतकी कमी कधी बोलले नसेन. फोन ठेवल्यावर जीभ दुखत होती. तू माझा भाऊ आहेस, तेव्हा तुला एवढं तरी कळू दे की मला हे सोपं गेलं नाही.


१३ एप्रिल

बुटक्या,

हे पाकीट तुला गेटवर मिळेल. वॉचमनदादांच्या नावाने पाठवलं आहे आणि वर लिहिलं आहे, "बाकावरच्या साहेबांना द्यावे." आत तीन पत्रं आहेत, जुनी दोन आणि हे. आणि एक फॉर्म.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. मी आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू निवृत्तीच्या वयापर्यंत त्या बाकावर बसलास तरी माझ्या तोंडून शब्द जाणार नाही. तुला कधी, कुणाला, काय सांगायचं ते तू ठरव. चार वर्षांपूर्वीही ते ठरवणं तुझ्याच हातात असायला हवं होतं.

आता फॉर्मचं. दशांशांना मी वॉचमनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, वॉचमन कंत्राटदाराचा माणूस, त्याचा शब्द कंपनीचा शब्द होत नाही. मला वाटलं, झालं, परत मागीलप्रमाणे. पण ते उठले, कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि जेवायची सुट्टी होईपर्यंत उभ्यानेच वाचत राहिले. मग माझ्या टेबलाशी आले. "नियम सोळा. मालक सापडत नसेल तर शेवटपर्यंत पगारपत्रकावर असलेल्या कुणाही माणसाचं लेखी उत्तर चालेल." आणि मग हळूच म्हणाले, "बाई, बाकीचे सेहेचाळीस कसे शोधायचे हो? साधारण अंदाज काय तुमचा?"

साधारण! मी खुर्चीतून पडायची बाकी होते.

आता सगळी टेबलं गप्प कंपन्यांच्या शेजारच्या दुकानांना, गेटवरच्या माणसांना फोन करत सुटली आहेत. या महिन्याचा आकडा वीस तारखेला मिळणार नाही असं त्यांनी वर कळवून टाकलं आहे. वरून फोनवर फोन येताहेत, ते प्रत्येकाला "मोजणी चालू आहे" एवढंच सांगतात.

बाकावरचा माणूस माझा भाऊ आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. काहीतरी माझ्या पोटात राहिलं, याची नोंद घे.

फॉर्म भरणं तुझ्यावर बंधनकारक नाही. पण ३११७ चं खरं काय झालं ते लिहून देऊ शकेल असा मला माहीत असलेला माणूस तूच. तुझ्याबरोबरचे त्रेसष्ट जण अजून माझ्या कागदावर कामाला जात आहेत. त्यांना घरी जाऊ दे.

मी मोजणी खातं म्हणून फॉर्म पाठवते आहे. बहीण म्हणून काहीच विचारत नाही. विचारायचं खूप आहे. बाकाला पाठ आहे का? ऊन कुठल्या बाजूने येतं? डबा एकटा खातोस की दोघं मिळून? पण नाही विचारत.

ताई


२७ एप्रिल

बुटक्या,

आज फॉर्म आला.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, जणू कुठेतरी जायची घाई आहे. बारा तारखेला कामावर असलेल्यांच्या आकड्यासाठी चार चौकटी असतात. तू शेवटच्या चौकटीत एक शून्य काढलंस आणि आधीच्या तीन चौकटी मोकळ्या ठेवल्यास. मी तो कागद उलटासुलटा करून बघितला. तू आणि मोकळ्या चौकटी! दशांश म्हणाले, नियमाने चारही भरायला हव्यात. मग म्हणाले, राहू द्या.

सगळ्या टेबलांची फेरमोजणी झाली. उद्या पेपरात येईल: मागच्या पाच महिन्यांचे आकडे सुधारले, आणि ते बरेच वाईट आहेत. घसरण कधीच मंदावली नव्हती. सगळे आमच्यावर तुटून पडतील. दशांशांनी त्यासाठी नवा शर्ट आणून ठेवला आहे.

चौसष्टवर मी आज शाईने रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात कंपनीने काही लिहिलं असेल तर ते वाचून मोठ्या वहीत उतरवायचं असतं. तुझा शेरा मी उतरवला नाही. तो असा आहे:

"ताई, आईला परवा मीच सांगितलं. ती म्हणाली, डबा नेत जा, पण दोघांचा ने, वॉचमनलाही लागत असेल. बाकाला पाठ नाही. फोन केलास तर मी उचलेन."

हे मी सात वेळा वाचलं. शेवटचं वाक्य जास्त वेळा.

रविवारी सकाळी अकराला करते. हात कामात असेल, धीर होत नसेल, अंघोळीला गेला असशील, काहीही असू शकतं. आमचा नियम तीनदा वाजवायचा आहे. मी चौथ्यांदा वाजवीन.

ताई